गोळ्यांचं पाकीट तीन आठवडे कपाटात पडून आहे, चालू करू का नको?

प्रश्न विचारणाऱ्या ताई ४१ वर्षांच्या, सोलापूर जिल्ह्यात शाळेत शिकवतात. वडील जाऊन ७ महिने झाले. तेव्हापासून पहाटे ३ ला जाग येते ती येतेच, वजन ६ किलो उतरलंय, पेपर तपासायला घेतले की एकच ओळ चारदा वाचावी लागते आणि 'मी कुणाच्याच कामाची नाही' हे डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी डिप्रेशन मोजायचा ९ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला, स्कोअर १७ आला, एसिटालोप्राम १० (डिप्रेशनचं औषध) आणि क्लोनाझेपाम ०.५ (झोपेचं, शांत करणारं) अशी दोन औषधं एकाच गोळीत लिहून दिली. पाकीट आणलं आणि साड्यांच्या खाली ठेवलं. सासूबाई म्हणतात नामस्मरण कर, नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत, शेजारची म्हणते एकदा लागली की सुटत नाही. मधेच एक वाक्य आहे, 'कधी कधी वाटतं रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये.' आणि शेवटी गुरुवारच्या उपवासाला गोळी चालते का असंही विचारलंय.

मी सायकियाट्रिस्ट, सांगली भागात २२ वर्षं ओपीडी करतेय. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. पण माझ्यासमोर अशी बाई बसली असती तर मी काय काय विचारलं असतं आणि काय सांगितलं असतं ते सगळं लिहिते, लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ते मधलं वाक्य. ताई, तुम्ही ते असं लिहिलंय जसं काही किरकोळ तक्रार आहे, माझ्यासाठी ते पत्रातलं पहिलं वाक्य आहे. 'उठूच नये' वाटणं आणि जीव द्यायचा विचार येणं यात फरक असतो हे खरं, पण मधली भिंत फार जाड नसते आणि पहाटे ३ ला तर ती आणखी पातळ होते. त्या ९ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न हाच असतो, तिथे तुम्ही काय टिक केलंत आणि डॉक्टरांनी त्यावर काही बोलणं केलं का? केलं नसेल तर या आठवड्यातच परत जा आणि हेच वाक्य, याच शब्दांत सांगा. नवऱ्यालाही सांगा. विचार वाढले, कसं करायचं इथपर्यंत डोकं जायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, जवळच्या हॉस्पिटलला जायचं, रात्री-अपरात्री असलं तरी. १४४१६ हा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं. आणि घरात शेतीचं औषध असेल, फवारणीचं, तर ते उद्याच्या उद्या कुलपात किंवा घराबाहेर, चावी तुमच्याकडे नको. हे सगळ्यांनाच सांगते मी, तुम्ही एकट्या नाही. ती बाटली हाताशी नसल्यामुळे रात्र टळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता 'वडील गेले म्हणून होतंय, मग हे आजारपण कसं' हा जो तुमचा मुद्दा आहे. बरोबर प्रश्न आहे, आमच्यातही यावर बरीच भांडणं झाली. पूर्वी मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये असं होतं की जवळचं माणूस गेल्यावर पहिले २ महिने सहसा डिप्रेशन म्हणायचं नाही, २०१३ ला ती सूट काढून टाकली, काहींना वाटलं आता रडणाऱ्या प्रत्येकाला गोळ्या देणार. मी ओपीडीत एवढंच बघते की दुःख लाटेसारखं येतंय की चोवीस तास छातीवर दगड आहे. बापाची चप्पल दिसली, त्यांचा आवडता पदार्थ केला, की हुंदका येतो आणि अर्ध्या तासाने माणूस नातवाच्या खोडीवर हसतो, हे दुःख. त्याला गोळी लागत नाही, वेळ लागतो, माणसं लागतात. पण हसूच येत नाही, भूक गेली, पहाटेची जाग, वाचलेलं डोक्यात शिरत नाही, आणि मुख्य म्हणजे राग किंवा आठवण वडिलांची नाही तर दोष स्वतःचा, 'मी कामाची नाही', हे दुःखाच्या पलीकडे गेलंय. वडील गेले नसते तर हे झालं नसतं, असेलही. पाय घसरून हाड मोडलं तर घसरण्याचं कारण कळलं म्हणून प्लास्टर टळत नाही ना.

स्कोअरबद्दल थोडंसं. एकूण २७ मार्कांचा फॉर्म आहे, मागच्या २ आठवड्यांबद्दल विचारतो. ५ ते ९ आलं तर मी बहुतेक गोळी लिहीतच नाही, पुन्हा २-३ आठवड्यांनी बोलावते. १० ते १४ मध्ये पेशंटच्या मनावर सोडते, काउन्सेलिंग, गोळी, दोन्ही, जे जमेल ते. १५ च्या वर उपचार हवेतच, आणि २० च्या वर किंवा मरणाचे विचार असतील तर मी गोळीसाठी आग्रह धरते. तुमचे १७. पण आकड्यापेक्षा मी दुसरंच विचारते, काय काय बंद पडलंय? डबा करणं, आंघोळ, फोन उचलणं, वर्गात उभं राहणं. १७ वाली एक बाई सगळं रेटत असते आणि १३ वाला माणूस महिनाभर दुकान उघडत नाही, मला १३ वाल्याची जास्त काळजी वाटते. तुमचं जेवण, झोप आणि नोकरी तिन्हीला हात लागलाय.

तर गोळीने होतं काय. खरं सांगते, जाहिरातीसारखं नाही आणि शेजारणीच्या म्हणण्यासारखंही नाही. २०१८ साली एक मोठा अभ्यास आला, ५२२ ट्रायल एकत्र केल्या, १ लाख १६ हजारांवर माणसं, २१ औषधं, सगळी २१ डमी (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस निघाली. पण कितीने? ढोबळ हिशोब असा की १०० जणांना खरी गोळी दिली तर ५० एक जणांना ठळक फरक पडतो आणि १०० जणांना डमी दिली तर ३५ ते ४० जणांना. म्हणजे मधला फरक १०-१५ माणसांचा. कुणी म्हणेल एवढ्यासाठी कशाला, पण त्या दहा-पंधरात तुम्ही असाल तर तुमच्यासाठी ते शंभर टक्के असतं, आणि डिप्रेशन जितकं खोल तितका गोळीचा फायदा जास्त दिसतो असंही बऱ्याच अभ्यासांत आलंय. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे होणारे साधारण तिघांत एक, बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो, गोळी बदलावी लागते, सोबत काउन्सेलिंग जोडावं लागतं. हे आधी माहीत असलं की दीड महिन्यात 'मला काहीच लागू पडत नाही' असं वाटून माणूस खचत नाही.

मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय म्हणून गोळी, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. ही गोष्ट आम्हीच, म्हणजे आमच्या धंद्याने, फार सोपी करून विकली. २०२२ मध्ये त्याचा मोठा आढावा आला आणि डिप्रेशनवाल्यांत सेरोटोनिन कमी असतं असा पक्का पुरावा सापडत नाही असं निघालं. मग लगेच मेसेज फिरले की गोळ्या म्हणजे फसवणूक. अहो, ही औषधं आधी सापडली आणि कारणं नंतर जोडली! १९५० च्या दशकात टीबीवर एक औषध दिलं, आयप्रोनियाझिड, तर वॉर्डातले मरगळलेले पेशंट एकदम तरतरीत झाले, तिथून सुरुवात. जवळपास त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून नावाचे डॉक्टर इमिप्रामिन नावाचं औषध स्किझोफ्रेनियासाठी तपासत होते, त्यात जमलं नाही पण उदास पेशंट सुधारले. गोळी काम करते का हे माणसांवर मोजून ठरतं, मेंदूत नेमकं काय होतं याची गोष्ट अजून अर्धीच लिहिलेली आहे.

आणि गोळीशिवायचा रस्ता? आपल्या शेजारच्या गोव्यातच दोन अभ्यास झालेत, डॉ. विक्रम पटेल यांच्या टीमचे, मी दोन्ही नेहमी एकत्र सांगते कारण लोक आपल्याला हवा तो एकच उचलतात. २००३ चा अभ्यास, साध्या दवाखान्यात येणारे पेशंट, काहींना फ्लुओक्सेटिन (एसिटालोप्रामच्याच गटातलं औषध), काहींना डमी, काहींना बोलून उपचार. २ महिन्यांनी गोळीवाले डमीच्या पुढे होते, बोलण्याचे उपचार नव्हते. मग २०१७ चा, संगत संस्थेचा. यात तुमच्यासारखेच, स्कोअर १५ किंवा वर असलेले लोक. डॉक्टर नसलेल्या, पण ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी ६ ते ८ वेळा भेटून त्यांना रोजची छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करायला मदत केली. ३ महिन्यांनी ६४ टक्के लोकांचा स्कोअर १० च्या खाली, ज्यांना ही मदत नव्हती त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे नीट बांधलेलं, कामाला लावणारं काउन्सेलिंग चालतं, खोल डिप्रेशनमध्येसुद्धा. नुसतं 'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणणारं चालत नाही. अडचण एवढीच की तुमच्या तालुक्यात असं करणारं कुणी आहे का? असेल तर आधी ६ आठवडे तेच करून बघणं हा पूर्णपणे शहाणपणाचा पर्याय होता, मी 'होता' म्हणतेय कारण मरणाचं ते वाक्य आणि ६ किलो वजन बघता मी तुम्हाला दोन्ही बरोबर करा म्हणेन, एकाची वाट बघत दुसरं थांबवू नका.

म्हणजे माझं मत चालू करा असं आहे. पण पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधी काही गोष्टी.

सगळ्यात महत्त्वाची, आणि ही बऱ्याचदा विचारलीच जात नाही. आयुष्यात कधी असे ४-५ दिवस किंवा जास्त आलेत का की झोप ३ तास आणि तरी थकवा नाही, बोलणं सुसाट, पैसे उडवले, डोक्यात योजनाच योजना, घरच्यांना वाटलं हिला झालंय काय? किंवा भाऊ, आई, काका यांना असं, किंवा बायपोलरचं (कधी टोकाची उदासी, कधी टोकाची तेजी असा आजार) निदान? असेल तर नुसती डिप्रेशनची गोळी धोक्याची ठरू शकते, माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मी प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी ही चूक केलीय. तिशीचा मुलगा, उदास, मी घाईत होते, बाहेर चाळीस पेशंट, विचारलं नाही. बाराव्या दिवशी भावाचा फोन, आमचे साहेब चार रात्री झोपले नाहीत आणि काल जुन्या ट्रॅक्टरचा इसार देऊन आलेत, शेत पाऊण एकर! हॉस्पिटलात ठेवावं लागलं. त्यानंतर हा प्रश्न विचारल्याशिवाय माझ्या हातून चिठ्ठी निघालेली नाही.

मग रक्त. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, शुगर. चाळिशीतल्या बाईचं थायरॉइड न बघता डिप्रेशनची गोळी देणं मला पटत नाही, शाकाहारी असाल तर बी-१२ हमखास बघा. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा. आणि सध्याच्या गोळ्या, सगळ्या, मेडिकलमधून मनाने आणलेल्यासुद्धा. गुडघा-कंबर दुखते म्हणून ब्रुफेन, डायक्लोफेनॅक नेहमी खात असाल तर एसिटालोप्रामबरोबर पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल हे दुखण्याचं औषध आणि कोरड्या खोकल्याची काही सिरप यांच्याशीही जमत नाही. डोकं दुखतं म्हणून कुणी ॲमिट्रिप्टिलिन १० (तीही मुळात डिप्रेशनचीच जुनी गोळी) दिलेली असते, पेशंटला माहीतही नसतं ती काय आहे.

आता त्या दोन-एकात गोळीबद्दल. यावर माझा जरा राग आहे त्यामुळे लांब लिहिणार. एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र ही आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, कारण पहिल्या रात्रीच झोप लागते, पेशंट खूश, डॉक्टरचं नाव होतं. पण ती झोप क्लोनाझेपामची असते. एसिटालोप्रामचा असर यायला २ ते ६ आठवडे लागतात. पेशंटला वाटतं गोळी लागू पडली, ६ महिन्यांनी बंद करतो, २ रात्री टक्क जागा, घाबराघुबरा, आणि मग म्हणतो डिप्रेशनच्या गोळीची सवय लागली! सवय लागली क्लोनाझेपामची. शेजारणीचं 'सुटत नाही' बहुतेक इथूनच आलंय. आणि एकत्र असल्यामुळे एक कमी करायची नि दुसरी ठेवायची हे जमतच नाही. झोपेसाठी सुरुवातीचे २-३ आठवडे क्लोनाझेपाम द्यायला माझी हरकत नाही, मीही देते, पण वेगळ्या गोळीत, कधी बंद करायची ती तारीख चिठ्ठीवर लिहून. डॉक्टरांना सरळ म्हणा, दोन्ही वेगवेगळ्या लिहून द्याल का. राग येत नाही कुणाला, आला तर एवढा येऊ दे. (वाचणाऱ्यांपैकी कुणी ही एकत्र गोळी महिनोन्‌महिने घेत असेल तर हे वाचून उद्यापासून बंद करायची नाही, एकदम थांबवल्याने फिटसुद्धा येऊ शकते, डॉक्टरकडे जाऊन हळूहळू.)

एसिटालोप्रामची सुरुवात रविवारी सकाळी नाश्त्यानंतर करा, शनिवारी तुमची सकाळची शाळा असते म्हणून शनिवार नको. आधीच झोप नाही त्यामुळे रात्री नको. मी सहसा पहिला आठवडा ५ म्हणजे १० ची अर्धी देते, मग पूर्ण, डॉक्टरांना विचारून तसं करा. पहिले ८-१० दिवस मळमळ, पातळ संडास, डोकं जड, हातपाय जरा अस्वस्थ, घाम, हे होऊ शकतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं. म्हणजे गंमत अशी की त्रास पहिल्या आठवड्यात आणि फायदा तिसऱ्या-चौथ्यात, अर्धे लोक याच मधल्या खड्ड्यात गोळी सोडतात. फायदाही कसा येतो, एकदम आनंद नाही येत. आधी झोप-भूक सुधारते, मग नवऱ्याच्या लक्षात येतं की ही भाजी चिरताना काहीतरी बोलली, आणि तुम्हाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. म्हणून वहीत आत्ताच ३ गोष्टी लिहा ज्या बंद पडल्यात, उदाहरणार्थ किती पेपर तपासले, बहिणीला फोन केला का, कितीला जाग आली. दर रविवारी त्यापुढे खूण. आणि कॅलेंडरवर ४ आठवड्यांनंतरची तारीख गोल करा, त्या दिवशी वही घेऊन डॉक्टरकडे. काहीच हललं नसेल तर तेच तसंच पुढे रेटायचं नाही, डोस किंवा औषध बदलायचं.

एक धोक्याची खूण. क्वचित सुरुवातीला माणूस फार बेचैन होतो, एका जागी बसवत नाही, चिडचिड, मरणाचे विचार वाढतात. २५ च्या खालच्या मुलांत याची शक्यता जास्त, अमेरिकेत त्यासाठी २००४ पासून औषधांवर ठळक इशारा आहे. तुमचं वय त्यात नाही, पण तुमच्या त्या वाक्यामुळे मी पहिले २ आठवडे नवऱ्याला लक्ष ठेवायला लावेन, पाकीटही त्यांच्याकडे, आणि असं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन.

जे कुणी विचारत नाही ते मीच सांगते, संबंधांची इच्छा कमी होणं किंवा शेवटपर्यंत न पोचणं हे या गोळ्यांत बऱ्याच जणांना होतं. बायका सांगत नाहीत, गोळी गुपचूप बंद करतात, मला २ महिन्यांनी कळतं. सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. काहींना सगळ्या भावना गुळगुळीत झाल्यासारख्या वाटतात, रडूच येत नाही म्हणतात, तेही सांगा, तो डोस जास्त झाल्याचा प्रकार असू शकतो. वजनाची भीती या गोळीत त्यामानाने कमी, आणि तुमचं तर ६ किलो परत यायचंय.

सुटण्याचं. बरं वाटलं की दुसऱ्या महिन्यात बंद, ही सगळ्यात कॉमन चूक. पूर्ण बरं वाटल्यावर साधारण ६ ते ९ महिने चालू ठेवायची, म्हणजे पहिल्या वेळेला एकूण वर्षभर धरून चाला. मग हळूहळू कमी, आणि शेवटचा टप्पा सगळ्यात हळू, कारण १० वरून ५ पेक्षा ५ वरून शून्य हे शरीराला जास्त जाणवतं. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट मारल्यासारखे झटके, विचित्र स्वप्नं येऊ शकतात. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात गोळी सोडणाऱ्यांत ३१ टक्क्यांना असं काही ना काही झालं, पण डमी गोळी सोडणाऱ्यांतही १७ टक्क्यांना झालं, म्हणजे खरोखर गोळीमुळे होणारे साधारण सहा-सातात एक. दारू किंवा तंबाखूसारखी तल्लफ मात्र येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. सोडल्यावर २-४ दिवसांतच चक्कर-झटके आले तर ते सोडण्याचे, आणि ५-६ आठवड्यांनी हळूहळू पहाटेची जाग परत आली तर तो आजार परत, हा फरक लक्षात ठेवा. बंद करायला मार्च निवडू नका, परीक्षा, पेपर, निकाल, सगळं एकदम. मे बरा.

शाळेत कळेल का म्हणालात. तुम्ही सांगितल्याशिवाय नाही, २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. नवऱ्याला मात्र पुढच्या वेळी ओपीडीत घेऊन जा, 'मनाचे खेळ' वाल्या नवऱ्यांशी वाद घालत घरी बसू नका, आमच्यावर सोडा, मी अशांना एकच विचारते की मागच्या महिन्यात ही किती वेळा हसली, आणि बहुतेक जण गप्प होतात. सासूबाईंचं नामस्मरण चालू ठेवा की, पहाटे ३ ला जाग आल्यावर मोबाइल बघण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं, फक्त गोळीच्या बदल्यात नको.

उपवासाला गोळी चालते. गुरुवारी साबुदाणा, केळं, जे खाता ते खाऊन घ्या, नुसत्या चहावर घेतली तर पहिल्या आठवड्यात मळमळेल.